विसराळू वडीलधारी आणि औषधाची डबी

भाताच्या लावणीचे दिवस होते. आम्ही सगळे शेतात, आजी एकटी घरी. दुपारी परतलो तर ती घामाने चिंब, हात थरथरत, बोलणे असंबद्ध. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी सकाळी घेतल्याचे विसरून तिने पुन्हा घेतली होती. शुद्धीवर होती, गिळत होती, म्हणून साखरपाणी पाजले आणि लगेच दवाखान्यात नेले. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो. तरतरी आली तरी साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

वाचकबंधुभगिनींनो, तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो.

१. औषधाची जबाबदारी एकाच माणसाकडे. "मला वाटले तू दिलीस," यातच घोटाळा होतो. गोळी दिली की लगेच कॅलेंडरवर खूण.

२. गोळ्या कुलपात. रविवारी मिस्साहून आल्यावर आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी भरतो. कप्पा रिकामा दिसला की गोळी गेली हे समजते.

३. कीटकनाशक, तणनाशक औषधाच्या कोनाड्यात ठेवायचे नाही, सरबताच्या बाटलीत तर मुळीच ओतायचे नाही. विसराळू माणसाला लेबल वाचायचे सुचत नाही.

४. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या द्यायच्या नाहीत. गिळवत नाही म्हणून न विचारता कुटायचीही नाही. नावापुढे 'एसआर' असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी असते. कुटली तर औषध एकदम अंगात उतरते.

५. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत न्यायची, चूर्ण-काढेसुद्धा. सर्दीच्या व झोपेच्या काही गोळ्यांनी वयस्कांचा गोंधळ वाढतो. बी-१२ कमी असणे किंवा थायरॉइडचा दोष यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून "वयच झाले" म्हणून गप्प बसू नये.

आजी कधी गोळी नको म्हणते. तिला दटावून उपयोग नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी घेऊन पुन्हा जवळ बसले की बहुधा घेते. आता लावणी कितीही घाईची असो, तिच्याजवळ एक माणूस ठेवूनच आम्ही शेतावर जातो.