उंबराखालचा बिननावाचा

‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वर्षातून दोन-चारदा तरी छापून येते. फोटोत एक किडा, शेजारी हसऱ्या चेहऱ्याचे दोन-तीन संशोधक. संपादकांचं म्हणणं असं, की ती ‘सापडते’ म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा जाऊन बघा. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी अमरावतीला गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. लेखात नाव नको, ही त्यांची पहिली अट होती, आणि ती दोघांसाठी होती. त्यांचंही नाव नको आणि किड्याचंही नको.

किड्याच्या बाबतीतलं कारण नियमातच आहे. प्राण्यांना नावं देण्याची आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिची सुरुवात लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून धरतात. वर्णन नाही, ठेवलेला नमुना नाही, नुसतंच नाव कुठं छापून आलं, तर त्याला ‘नोमेन नुडम’ म्हणतात, म्हणजे उघडं नाव. असं नाव शास्त्रात चालत नाही, आणि नंतर येणाऱ्यांच्या डोक्याला ताप मात्र होतो. सर म्हणाले, “नवा आहे, असंही लिहू नका. मला अजून माहीत नाही.”

अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाताना पोहऱ्याच्या जंगलाची कड लागते. तिथल्या एका नाल्याच्या काठी जुना उंबर आहे. खाली पिकून पडलेल्या उंबरांचा सडा, त्यावर माशा, आणि त्याखाली दोन बोटं जाडीचा पाचोळा. सरांनी मूठ-मूठ पाचोळा चाळणीत घेतला आणि पांढऱ्या ट्रेवर हलवला. मातीची भुकटी खाली बसली, तसे ट्रेमध्ये तपकिरी ठिपके पळू लागले. गुरं राखणारे एक आजोबा जवळ येऊन उभे राहिले.

“काय ढुंडून राह्यले जी?”

“किडे, बाबा.”

“हे तं ढेकनं व्हय. आमच्या वावरात कपाशीवर लय रायते.”

आजोबा नात्यानं बरोबर होते. कपाशीच्या बोंडावर दिसणारा लाल ढेकूण आणि सरकीतला रस शोषणारा करडा ढेकूण वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापासून गावातल्या कृषी सेवा केंद्रापर्यंत त्यांच्यावर बोलणारे भेटतात. त्यातला करडा हा बी शोषणाऱ्या ढेकणांपैकीच. पाचोळ्यातले हे त्याचे चुलते. पिकाला त्यांच्यापासून उपद्रव नाही, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. इंग्रजी पुस्तकात त्यांना मातकट रंगाचे बीज-ढेकूण म्हटलंय. शास्त्रातलं घराणं ऱ्हायपारोक्रोमिडी. जगभरात त्यांच्या दोन हजारांवर प्रजातींची नोंद झालेली आहे. पूर्वी हे सगळे एका मोठ्या एकत्र कुटुंबात मोडत. 1997 मध्ये थॉमस हेन्री या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं त्या कुटुंबाची वाटणी केली आणि यांचं घर वेगळं झालं.

ट्रेमधल्या एकावर सरांनी भिंग धरलं आणि मला बघायला बोलावलं. जेमतेम सहा मिलिमीटर लांबी, वाळल्या पानाचा रंग. पुढच्या पायांच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या, आतल्या बाजूला काट्यांची रांग. तोंडाची सोंड छातीखाली दुमडलेली असते, ती यानं पुढे काढली होती आणि तिच्या टोकाला उंबराची एक बी टोचलेली होती. खसखशीच्या दाण्याएवढी. ती तशीच भाल्यावर धरावी तशी धरून तो ट्रेच्या कडेनं पळत होता, आडोसा शोधत. आडोसा मिळाला की लाळ बीमध्ये सोडायची, आतला गर विरघळवायचा आणि ओढून घ्यायचा. वड, पिंपळ, उंबर यांच्याखाली हे ढेकूण जगभर भेटतात. कनेक्टिकट विद्यापीठाचे जेम्स स्लेटर आयुष्यभर यांच्यामागे होते आणि अंजीरवर्गातल्या झाडांखालच्या ढेकणांवर त्यांनी मुद्दाम काम केलं. आपण पाराखाली गप्पा मारत बसतो, तेव्हा पायाशी हे भोजन चालू असतं. याच घराण्यातल्या एका शाखेनं बिया सोडून रक्त धरलं, हे ऐकून मी चकित झालो. क्लेराडा नावाचा तिच्यातला एक ढेकूण माणसांच्या घरातही राहतो.

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक जुना स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि डांबरगोळ्यांचा वास. इथं खरं काम सुरू होतं. पुठ्ठ्याचा बारीक त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा थेंब लावायचा, ढेकणाची उजवी कूस त्याला चिकटवायची आणि त्रिकोण टाचणीत ओवायचा. मग पोट बघायचं. पोटाच्या चौथ्या आणि पाचव्या खंडामधली शिवण कडेला जाताना पुढं वळते आणि कडेपर्यंत पोचत नाही. घराण्याची ओळख त्या एका शिवणीत. ती मला दिसेपर्यंत सरांनी तीनदा दिवा हलवला.

घराणं कळलं, तरी प्रजाती कळत नाही. त्यासाठी नर लागतो. नराचं पोटाचं टोक वेगळं काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळतं, कवच उरतं, आणि त्यातून दोन आकड्या निघतात. समागमाच्या वेळी मादीला धरायच्या त्या आकड्या. बाहेरून दोन ढेकूण जुळे भाऊ वाटतील, पण या आकड्यांचं वळण वेगळं निघालं की प्रजाती वेगळी असण्याची शक्यता उभी राहते. लांबी मिलिमीटरच्या काही दशांशांची. सर त्या आकड्या ग्लिसरिनच्या थेंबात सुईनं फिरवतात आणि पेन्सिलीनं कागदावर उतरवतात. श्वास रोखून.

या ढेकणाचे सरांकडे चार नमुने आहेत. तीन माद्या आणि एक नर. नर अजून उघडलेला नाही. सुई घसरली तर दुसरा नाही.

नर उघडला आणि आकड्या वेगळ्या निघाल्या, तरी पुढं मोठी वाट आहे. भारतातल्या या ढेकणांची बरीच मूळ वर्णनं विल्यम डिस्टंट या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं लिहिली. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्यांचे सात खंड 1902 ते 1918 या काळात निघाले. वर्णनं आटोपशीर, रंग आणि मापं देणारी. नराच्या आकड्यांचं चित्र त्यांत शोधून मिळत नाही. खात्री करायची तर त्यांनी ज्या नमुन्यावरून लिहिलं तोच बघायला हवा, आणि ते नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. दुसरी अडचण पंखांची. एकाच प्रजातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही ढेकूण निघतात, म्हणजे एकाच घरातल्या दोघांना दोन नावं देण्याची चूक सहज होते.

तोवर मला वाटत होतं, की सगळं वजन त्या आकड्यांवर आहे. सरांनी टाचणीवरची चिठ्ठी दाखवली. नखाएवढा कागद, त्यावर गाव, नाला, अक्षांश-रेखांश, तारीख, ‘उंबराखाली, पाचोळा चाळून’. ते म्हणाले, “किडा तुटला तर वर्णन अर्धवट राहील. ही चिठ्ठी खोटी निघाली तर सगळंच खोटं.”

वऱ्हाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण मेळघाटचा रानपिंगळा शेजारीच आहे. ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकानं 1873 मध्ये वर्णन केलेला हा पक्षी 1884 नंतर कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. संग्रहालयात 1914 चा एक नमुना होता, गुजरातेतला अशी चिठ्ठी लावलेला. लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर तिकडं शोधत राहिले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलनं दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचं पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी उघड केलं. खऱ्या चिठ्ठ्या धरून रासमुसेन आणि त्यांचे सोबती शोधायला निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पक्षी समोर बसलेला मिळाला. नंतर मेळघाटातही तो असल्याचं कळलं. एका खोट्या चिठ्ठीनं एवढी वर्षं खाल्ली. सरांनी चिठ्ठीवर ‘अमरावतीजवळ’ असं कधीच लिहिलेलं नाही, याचं मोल मला तेव्हा कळलं.

प्रजाती नवी ठरलीच, तर जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे तिचा नमुना सरकारनं ठरवलेल्या भांडारात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया बघते. सरांना ते मान्यच आहे. त्यांची काळजी वेगळी होती, आणि ती आखूड पंखांची होती.

जमिनीवरच्या ढेकणांत आखूड पंख कुठं दिसतात, याचा अभ्यास मेरिल स्वीट या अमेरिकन संशोधकानं गेल्या शतकात केला. वर्षानुवर्षं न हललेल्या जागेत पंख आखूड होत जातात, कारण उडून जायची गरजच पडत नाही. नांगरलेल्या, उलथापालथ होणाऱ्या जमिनीत उडणारेच टिकतात. सरांचे चारही नमुने आखूड पंखांचे आहेत. म्हणजे तो उंबर आणि तो पाचोळा बराच काळ कुणी हलवलेला नसावा. आणि तिथं काही झालं, तर हा ढेकूण पंख पसरून दुसऱ्या नाल्यावर जाणार नाही. पूर्वी दोन वावरांमधला धुरा चार-पाच हात रुंद असायचा, त्यावर बोर, गवत, पाचोळा. आता धुऱ्यांवर तणनाशक मारतात, पाचोळा पेटवून देतात, पेरा धुऱ्यापर्यंत भिडतो. शेतकऱ्याला दोष कसा देणार? कपाशीचा खर्च निघत नाही, तेव्हा हातभर जमीन सोडणंही जिवावर येतं. मला तरीही वाईट वाटतं. नाव मिळण्याआधी जो गेला, तो गेल्याची नोंदही होत नाही.

मे संपता संपता सरांचा फोन आला. “येता का? आणखी नर मिळतात का बघू.”

नाल्याचं खोलीकरण झालं होतं. जेसीबीनं दोन्ही काठ तासले होते, आणि काढलेला मुरूम उंबराच्या बुंध्यापर्यंत पसरून टाकला होता, कंबरेइतका. झाड हिरवंगार होतं, उंबरं लागलेली होती. ती आता मुरमावर पडत होती. पावसाळ्यात या नाल्यात पाणी थांबेल, विहिरींना पाझर लागेल. तेच आजोबा तिथं होते आणि खुशीत होते. “यंदा पानी रायते जी.” सर त्यांना “हो बाबा, राहील” म्हणाले.

मग बुंध्याच्या मागच्या बाजूला, जिथं मुरूम कमी पडला होता, तिथं ते गुडघ्यावर बसले. हातानं मुरूम बाजूला सारून खालचा दडपलेला पाचोळा काढला आणि चाळला. एकदा, दोनदा, पाच वेळा. ट्रेमध्ये मुंग्या पळाल्या, एक गोम वळवळली. तपकिरी ठिपका एकही हलला नाही.

सरांनी खिशातली वही काढली. गाव, नाला, अक्षांश-रेखांश, तारीख, ‘उंबराखाली, मुरमाच्या कडेचा पाचोळा, पाच चाळण्या’. खाली लिहिलं, ‘एकही नाही’. वही खिशात ठेवून त्यांनी सहावी चाळणी भरायला घेतली.