चित्राच्या पाठीमागे

सकाळी ६.१०

आमच्या घरात अंक सगळ्यात आधी आई उघडते. चष्मा लावते आणि पहिल्या पानावरच्या माझ्या चौकटीवर बोट ठेवते. हसली तर जमलं. आज तिने घडी घालून अंक टीपॉयवर ठेवला.

आई वारकरी घरातली. माझ्या चित्रांत विठोबा कितीदा तरी विटेवरून उतरलाय. कधी टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा, कधी पालखी मार्गावरच्या खड्ड्यात चपला शोधताना. तिने कधी हरकत घेतली नाही. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, नामदेव त्याच्याशी भांडतो, हे ऐकत ती मोठी झाली. त्याच्या हातात मुलाने हंडा दिला, तर त्यात तिला वावगं दिसत नाही. देवाशी सलगी करायची मुभा मराठी व्यंगचित्रकाराला संतांनी मिळवून दिली आहे, असं मी मनापासून मानतो.

पण हल्ली ती एक प्रश्न विचारते. आजही विचारला. "कुणी काही म्हणणार नाही ना रे?" पाच-सात वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात नव्हता.

सकाळी ९.३०

गौरी काल गेल्या. रात्री साडेअकरापर्यंत खिडकीच्या काचा थरथरत होत्या. समोरच्या इमारतीतले आजोबा, बायपास झालेले, बाल्कनीचं दार लावून कानांवर उशी धरून बसले होते. मला ते पडद्याआडून दिसत होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. नियम २००० सालापासून आहेत. आजचं चित्र आवाजावरच, हे मी रात्रीच ठरवलं होतं.

सकाळी १०.१५

वाचकाचा फोन. परवाच्या चित्रात गणपती खड्ड्यातून उंदराला वर काढताना दाखवला होता, त्याबद्दल. गृहस्थ चिडलेले, पण बोलणं सभ्य. "तुमची हिंमत आमच्याच देवावर का हो चालते? दुसऱ्यांवर काढून दाखवा."

मी त्यांना पंधरा मिनिटं दिली. सांगितलं की चित्रातला गणपती आपल्या बाजूचा आहे, हसं झालंय ते रस्ता करणाऱ्यांचं. त्यांना ते अर्धंच पटलं. फोन ठेवताना म्हणाले, "तरी माझा प्रश्न राहिलाच." खरंच राहिला होता.

सकाळी ११

बैठक. संपादकांनी विषय लगेच मान्य केला. "काढ. देव जपून."

दुपारी १२.३०

पत्रकारितेच्या वर्गावर तास होता. फळ्यावर रेषांचे प्रकार काढत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, शार्ली एब्दोचं बरोबर होतं का?" मग रेषा बाजूलाच राहिल्या.

मी डेन्मार्कपासून सुरुवात केली. मुलांसाठी प्रेषित मुहंमदांचं चरित्र लिहिणाऱ्या एका लेखकाला चित्रकार मिळेना, अशी बातमी आली. त्यावरून 'युलँड्स-पोस्टेन'च्या संस्कृतीविषयक पानांच्या संपादकाने व्यंगचित्रकारांना आवाहन केलं आणि ३० सप्टेंबर २००५ रोजी १२ चित्रं छापली. त्यातलं कुर्ट वेस्टरगार्ड यांचं, पगडीत बॉम्ब असलेलं चित्र जगभर गेलं. फेब्रुवारी २००६ मध्ये दमास्कस आणि बैरुतमधल्या डॅनिश वकिलाती जळाल्या. १ जानेवारी २०१० ला कुऱ्हाड घेतलेला माणूस वेस्टरगार्ड यांच्या घरात शिरला, तेव्हा नात घरात होती. आणि ७ जानेवारी २०१५ ला, पॅरिसमध्ये, तीच डॅनिश चित्रं पुन्हा छापणाऱ्या 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकाची बुधवारची संपादकीय बैठक चालू असताना बंदूकधारी आत आले. त्या हल्ल्यात १२ माणसं गेली. शार्ब, काबू, वोलिन्स्की, तिन्यूस, ऑनोरे हे पाच चित्रकार त्यात होते. मुस्तफा उर्राद होते, अल्जीरियात जन्मलेले, त्या साप्ताहिकाचे मुद्रितशोधक. रस्त्यावर मारला गेलेला पोलीस अहमद मेराबे. ही दोन नावं मी मुद्दाम सांगतो, कारण 'ते विरुद्ध आपण' असा हिशेब मांडणारे नेमकी हीच गाळतात.

मग माझं मत. पगडीतला बॉम्ब मी काढला नसता. खुनी माणसाचं पाप ते चित्र श्रद्धेच्याच डोक्यावर ठेवतं, आणि नोकरी शोधणारा, मुलांना शाळेत सोडणारा साधा मुसलमान त्याखाली दबतो. हे माझं व्यंगचित्रकार म्हणून मत. पण ते काढायचा वेस्टरगार्ड यांचा हक्क मी शेवटपर्यंत मान्य करीन. न आवडलेल्या चित्राला उत्तर चित्राने द्यावं, लेखाने द्यावं, अंक घेणं बंद करून द्यावं.

मुलीने पुढे विचारलं, "आणि आपल्याकडे?" आपल्याकडे त्याच जानेवारीत 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी शार्लीचं मुखपृष्ठ छापलं. माफी मागूनही ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, अटक झाली, जामीन मिळाला आणि ती आवृत्ती बंद पडली. कलम लागलं २९५ अ. हे १९२७ सालचं, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळातून आलेलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालंय. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात बसतो, हेही सांगितलं. हेतू तपासला जातो खटल्यात. अटक त्याच्या कितीतरी आधी होते. आणि लाहोरच्या त्या पुस्तिकेचा प्रकाशक? कायदा आल्यावर दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याला भोसकून मारलं. वर्गात कुणी बोललं नाही. घंटा झाली तरी मुलं बसून होती.

दुपारी २.३०

टेबल. संगणकावर काढायची सोय आहे, पण गणपती मी कागदावरच काढतो, काळ्या शाईत, स्टीलच्या निबने. कल्पना सोपी होती: डीजेच्या भिंतीपुढे गणपती कान झाकतोय. काढायला बसलो आणि अडलो. सुपाएवढे कान बोटांनी झाकणार कसे? तीन कागद गेले. चौथ्यावर जमलं. त्याने दोन हातांनी आपल्याच कानांच्या विड्यासारख्या सुरळ्या केल्यात, मोदक खाली ठेवलाय आणि उरलेल्या दोन हातांनी उंदराचे कान झाकलेत. उंदराचे मिटलेले डोळे म्हणजे दोन बारीक कंस. ते काढताना मी श्वास धरून ठेवतो, कारण निब तिथे घसरली तर उंदीर झोपलेला दिसतो आणि मला तो त्रासलेला हवा असतो.

दुपारी ४.१५

पान लावणारा आमचा सहकारी चित्र स्कॅन करायला आला. बावीस वर्षं एकत्र काढलीत आम्ही. चित्र बघून खूप हसला, मग म्हणाला, "सर, आमच्या मिलादच्या मिरवणुकीचं पण काढा ना. अम्मीला झोपेची गोळी द्यावी लागते त्या रात्री." मी म्हटलं, तिथे मी काय काढणार? तो म्हणाला, "कुणाला काढायचंय? ट्रक काढा. डीजेवाला तोच आहे. तुमच्या मंडळाचा आणि आमच्या गल्लीचा. फक्त कापड बदलतो."

मी लगेच नवा कागद घेतला. चाळीस मिनिटांत चित्र झालं. एकच ट्रक, तीच स्पीकरची भिंत. मालक शिडीवर उभा राहून भगवं कापड सोडतोय, हिरवं कापड खांद्यावर तयार. वर एका खिडकीत आजोबा कानांवर उशी धरून, शेजारच्या खिडकीत एक म्हातारी, डोक्यावर ओढणी, तशीच उशी. देव नाही, प्रेषित नाहीत, मजकूर नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेली होती. तो समजूतदारपणा मनात ठेवूनच मी दोन्ही खिडक्या एका उंचीवर काढल्या. वर्षभरातलं माझं हे सगळ्यात चांगलं चित्र. सकाळच्या फोनवरचा प्रश्नही त्यात सुटत होता.

संध्याकाळी ६.३०

संपादकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. ट्रककडे बराच वेळ बघत राहिले. "हे चांगलंय," म्हणाले, "आणि हे मी आज लावणार नाही."

मी वाद घातला. त्यांनी मला २०१५ चा नोव्हेंबर आठवून दिला. एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत आयसिसच्या पैशावरचा लेख होता. त्याच्या चित्रात पैसे साठवायचं डुक्कर होतं आणि त्यावर अरबी अक्षरं. उत्तर महाराष्ट्रात त्यांच्या कचेऱ्यांवर जमाव गेला, माफी छापावी लागली. "दगड तुझ्या-माझ्या काचेवर येत नाही रे. तालुक्याला एक खोली, एक टेबल आणि महिन्याला तुटपुंजं मानधन घेणारा आपला वार्ताहर असतो, तो सापडतो. कोपऱ्यातलं हिरवं कापड कुणीतरी तेवढंच कापून मोबाइलवर फिरवेल. खिडक्या त्यात नसतील."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मान हलवली. "मिरवणुका होऊ देत, मग बघू," ते म्हणाले. गणपती पानावर गेला.

सहकाऱ्याला सांगताना मला अवघड झालं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे यंदाही आम्ही चित्रात नाही."

रात्री ११.४०

शहर आवृत्तीचं पान सुटलं. घरी आलो. आई जागी होती, गोंगाट चालूच होता.

माझ्या कपाटात एक फाईल आहे, न छापलेल्या चित्रांची. शार्लीच्या हल्ल्यानंतर सुरू केली. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे मी दोनपैकी एक शब्द लिहितो: 'पटलं नाही' किंवा 'घाबरलो'. छापलं नाही याचं कारण दुसऱ्यांना काहीही सांगितलं, तरी इथे खरं लिहायचं, असा नेम केलाय. पहिली काही वर्षं शब्द चटकन सुचायचा. हल्ली पेन हातात घेऊन बसून राहावं लागतं. वार्ताहराची काळजी खरी होती. संपादकांचा आवाज घाबरटाचा नव्हता, माणसं सांभाळणाऱ्याचा होता. पण मी मान हलवली तेव्हा मला तो वार्ताहर आठवत होता की आईचा सकाळचा प्रश्न, हे मी स्वतःला तीनदा विचारलं.

आईचा प्रश्न आठवत होता.

ट्रकचं चित्र उलटं केलं आणि पेन्सिलने 'घाबरलो' असं लिहिलं. फाईलमध्ये मात्र ठेवलं नाही. उद्या अकराला बैठक आहे. चित्र ऑफिसच्या पिशवीत, डब्याच्या बाजूला सरकवलं.