उतरत्या वयाच्या खेळाडूचा भाव

खेळाडूचा ‘भाव’ हा शब्द गिरगावातल्या जुन्या क्रिकेटप्रेमी माणसाला अजून खटकतो. भाव कांद्याला असावा, सोन्याला असावा. माणसाला भाव कसला, असे तो म्हणतो. आमचे मत निराळे आहे. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे कामगार चळवळीत घालविली. श्रमाला भाव असतो, तो बाजारात ठरतो, आणि ठरताना ज्याच्या श्रमाचा सौदा चालतो तोच पुष्कळदा दाराबाहेर उभा असतो, हे आमच्या नित्याच्या पाहण्यातले आहे. खेळाडूच्या बाबतीत एवढाच फरक की हा सौदा दूरचित्रवाणीवर साऱ्या देशासमोर होतो. तेव्हा लाजण्याचे कारण नाही. हा भाव कसा ठरतो आणि वय होऊ लागले की तो का पडतो, हे नीट समजून घ्यावे हे बरे.

उदाहरण आपल्याच मुंबईचे घेऊ. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईकडून, पुढे देशाकडून खेळला. २०१८ च्या आयपीएल लिलावात राजस्थानच्या संघाने त्याला ४ कोटी रुपयांना ठेवून घेतले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच संघाने त्याला दिल्लीला दिले आणि बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोन तरुण घेतले. रहाणे तेव्हा ३१ वर्षांचा होता. दिल्लीने पुढच्या दोन हंगामांत मिळून त्याला अवघ्या अकरा सामन्यांत खेळविले. तेवतियाने मात्र सप्टेंबर २०२० मध्ये शारजाला एकाच षटकात पाच षटकार मारून राजस्थानला हरत आलेला सामना जिंकून दिला. मालकांच्या हिशेबाने सौदा फायद्याचा झाला होता.

पुढचे आकडे पाहा. २०२२ च्या लिलावात कोलकात्याने रहाणेला १ कोटीला घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चेन्नईने ५० लाखांना घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याचे नाव पहिल्यांदा पुकारले तेव्हा कोणीच हात वर केला नाही. मागाहून कोलकात्याने दीड कोटीला घेतले. या तिन्ही वेळा तो पायाभूत किमतीलाच गेला. पायाभूत किंमत म्हणजे खेळाडूने ठरावीक टप्प्यांतून स्वतःच निवडलेला खालचा भाव. तीन वेळा पायाभूत किमतीला जाणे याचा अर्थ इतकाच, की त्याच्यासाठी दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले नाही. एकच गिऱ्हाईक असले की भाव विकणाऱ्याच्या हाती राहत नाही. भाजीबाजारातही हेच आहे आणि कारखान्याच्या फाटकावरही हेच आहे.

आता हा भाव का पडतो ते पाहू. पहिली गोष्ट, मालक मागचे काम विकत घेत नाही, पुढचे घेतो. रहाणेने मेलबर्नला शतक ठोकून देशाला कसोटी जिंकून दिली हे खरे. पण ते २०२० सालच्या डिसेंबरात झाले आणि त्याची टाळी तेव्हाच वाजून गेली. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक संघाची थैली बांधलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटींची होती आणि तीत पंचविसापर्यंत माणसे बसवायची होती. म्हणून जाणत्या खेळाडूला दिलेला प्रत्येक रुपया हा दुसऱ्या कोणाला तरी न दिलेला रुपया असतो. ‘हा चांगला आहे का?’ एवढेच मालक विचारत नाही. ‘याच्या पैशात आणखी कोण येईल?’ असेही तो विचारतो. तिसरी गोष्ट वयाची. बावीस वर्षांचा मुलगा वाईट निघाला तरी पुढच्या वर्षी सुधारेल अशी आशा असते, आणि चांगला निघाला तर जुन्या दरातच पुढे ठेवता येतो. पस्तिशीच्या माणसापाशी विकायला ही आशा उरत नाही. त्याला फक्त या वर्षीचे काम विकावे लागते. त्यातून मांडीचा स्नायू, खांदा, पाठ यांचे भय मालकाच्या मनात अधिक, आणि त्या भयाची किंमत भावातून आधीच वजा होते.

हे सारे आम्ही मान्य करतो. शरीर झिजते, ते नाकारण्यात अर्थ नाही. कबड्डीत तर ते फार लवकर झिजते. परदीप नरवाल हा प्रो कबड्डीतला चढाईचे सर्वांत जास्त गुण मिळविणारा गडी. २०२१ मध्ये त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची बोली लागली. २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ मध्ये त्याला कोणी घेतले नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. वय किती, तर २८! लालबाग-परळच्या मंडळींना हे सांगायला नको. मातीत आणि मॅटवर आपटलेल्या गुडघ्यांची कथा त्यांच्या घराघरांत आहे.

परंतु झीज वेगळी आणि बाजाराला वाटणारी झीज वेगळी. ५० लाखांच्या रहाणेने २०२३ च्या हंगामात शंभर चेंडूंमागे १७२ च्या गतीने ३२६ धावा काढल्या. चेन्नईने त्या वर्षी विजेतेपद मिळविले. त्या जोरावर तो कसोटी संघात परत आला आणि जूनमध्ये ओव्हलवर जागतिक कसोटीच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ आणि ४६ केल्या. जेद्दाला पहिल्या फेरीत ज्याला कोणी विचारले नाही, त्याच माणसाने पुढच्या तीन आठवड्यांत सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मुंबईसाठी ४६९ धावा केल्या, आणि मुंबईने ती स्पर्धा जिंकली. मग कोलकात्याने त्याला कप्तान केले. उपकप्तान वेंकटेश अय्यर २३ कोटी ७५ लाखांचा आणि कप्तान दीड कोटीचा! त्या हंगामात कप्तानाने ३९० धावा केल्या, उपकप्तानाने १४२. गिरणीतला जुना साचेवाला नुसत्या आवाजावरून साच्याचे दुखणे ओळखी, आणि नवे यंत्र आले की पहिल्यांदा तोच ‘जादा’ ठरे. अनुभव वापरायला सर्वांना हवा असतो. त्याची वेगळी किंमत द्यायची वेळ आली की हिशेबाची वही मिटते.

येथे जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत खेळाडूचे पारडे जड होते. १९५२ साली आपला संघ इंग्लंडला निघाला तेव्हा मुंबईकडून खेळणारे विनू मांकड ३५ वर्षांचे होते. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डनच्या संघाने त्यांना पगारी खेळाडू म्हणून बोलाविले होते. मांकडांनी क्रिकेट मंडळाला सरळ विचारले, कसोटीत मला नक्की घेणार असाल तर मी हा करार सोडतो. मंडळाने हमी नाकारली. मांकड हॅसलिंग्डनला गेले. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्य धावांवर बाद झाले आणि मंडळाला मांकड आठवले. हॅसलिंग्डनकडून त्यांना मोकळे करून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. सामना आपण हरलो, तो भाग वेगळा. पस्तिशीचा माणूस ताठ उभा राहू शकला तो केवळ कौशल्याच्या बळावर नव्हे. त्याच्या हातात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा करार होता म्हणून.

आयपीएलमध्ये असा दुसरा करार हाती ठेवता येत नाही. रवींद्र जडेजाने २०१० मध्ये राजस्थानशी बांधलेला असताना मुंबईच्या संघाशी बोलणी केली, म्हणून त्याला वर्षभर खेळू दिले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने त्याला त्याच राजस्थानकडे दिले, बदल्यात संजू सॅमसन घेतला, आणि जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, हे नियमात आहे आणि ते चांगले आहे. पण जुना मालक नको म्हणतो आणि नवा कमी देतो, अशा वेळी संमती म्हणजे काय, हे कामगारांना समजावून सांगावे लागत नाही.

बास्केटबॉल आपल्या शेजारच्या नागपाड्यात मनापासून खेळला जातो, म्हणून त्या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यवहाराकडे पाहू. तेथे मालक खेळाडूला संमतीवाचूनही दुसऱ्या गावी देऊ शकतात. पण तेथे खेळाडूंची युनियन आहे, १९५४ पासून. १९६४ साली बोस्टनच्या निवडक संघांच्या सामन्याच्या दिवशी, पेन्शनचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे म्हणून खेळाडू बसून राहिले. प्रेक्षक आत, प्रक्षेपणाची वेळ झालेली. आश्वासन मिळाले. पुढे त्या युनियनने किमान वेतन सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढते करून घेतले. त्यातून नवी अडचण आली: जुना खेळाडू महाग, म्हणून संघ त्याच्याऐवजी पोरगा घेणार. यावर तोड अशी निघाली की किमान वेतनावर एका वर्षासाठी घेतलेल्या जुन्या खेळाडूच्या पगारातला वरचा फरक संघाने न देता लीगने द्यायचा. ही व्यवस्था आम्हांला फार आवडते. जाणतेपणाचा दंड जाणत्याला पडत नाही.

आपल्याकडे २०२४ मध्ये नियम उलट दिशेला गेला. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘देशाकडून न खेळलेल्या’ गटात मोजावा, असा जुना नियम परत आणला, आणि १२ कोटींचा धोनी ४ कोटींचा झाला. धोनीच्या घरी त्यामुळे चूल पेटायची राहणार नाही. पण नियम एका माणसापुरता लिहिला जात नाही.

मुंबईत पूर्वी यावर एक साधा तोडगा होता, तो म्हणजे नोकरी. बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या खेळाडूला कामावर घेत. टाइम्स शील्डचे सामने कचेऱ्यांच्या संघांत होत. पगार थोडा, पण फॉर्म गेला म्हणून तो जात नसे. प्रवीण तांबे अशाच एका जहाज कंपनीच्या संघातून खेळत आला आणि २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. तोवर त्याला टिकविले कोणी? लिलावाने नव्हे. या नोकऱ्या आता आटल्या आहेत.

क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये निवृत्तांची पेन्शन वाढविली. १५ हजार मिळणाऱ्यांचे ३० हजार झाले, ३७ हजार ५०० मिळणाऱ्यांचे ६० हजार. हे योग्य झाले. २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही संघटनाही स्थापन झाली. मात्र तिचे सभासदत्व फक्त निवृत्तांना आहे. ज्याचा भाव उतरू लागला आहे पण जो अजून खेळतो आहे, त्याला तेथे अर्ज करता येत नाही.