घासांची खतावणी

माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट वही आहे. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या वहीत असावेत तसेच तिच्यात रकाने आहेत: तारीख, वेळ, पदार्थ, किती वाट्या, शेरा. शेऱ्यात 'अर्धी पोटात, अर्धी भिंतीवर' अशा नोंदी सापडतात. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही सांगलीच्या घराला कुलूप लावून पुण्याला आलो आणि सहा महिन्यांच्या नातवाला दिवसा भरवण्याचं काम आमच्याकडे लागलं. आजीला अनुभव होता. मला शून्य. आमच्या पिढीतल्या बापांनी पोरं वाढवली म्हणजे शाळेची फी भरली. तेव्हा मला जे येत होतं ते मी केलं, वही घातली.

त्या वहीनं मला आधी फसवलं आणि मग शहाणं केलं. पण सुरुवात उष्टावणापासून.

मुलग्याचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, असं आमच्याकडे मानतात. मुलगा सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलगी पाचव्या-सातव्या. चांदीची वाटी, खीर, मामाच्या मांडीवर बाळ. समारंभ जरूर करावा, पण बाळाच्या शरीरातल्या लोहाला सम-विषम कळत नाही. पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो. आईच्या दुधातलं लोह अंगी चांगलं लागतं, पण ते असतंच थोडं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २००१ सालापासून सांगत आली आहे की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, आणि सहा पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला वरचं अन्न. सहाण धुवून घेतलेली का असेना, बाळघुटीही त्या सहा महिन्यांत नकोच. बाळाची मान स्थिर झाली, आधारानं बसता येऊ लागलं, तोंडात घातलेलं जिभेनं बाहेर ढकलणं थांबलं आणि आपल्या ताटाकडे ते टक लावून पाहू लागलं, की वेळ झाली असं समजावं. मुलगी असली तरी वेळ तीच.

आता पहिली चूक, जी घरोघरी प्रेमानं होते: वरणाचं पाणी. कुकर उघडायचा, वरचं निवळ पाणी वाटीत घ्यायचं, मीठ-हिंग घालून भरवायचं. बाळ आनंदानं पितं, कारण ते पाणीच आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाला दोनशेच्या आसपास. एवढ्याशा खोलीत पाणी भरलंत तर डाळीला जागा कुठून राहणार? डाळ भांड्याच्या तळाशी असते, ती घ्यावी. सोपी खूण अशी, की चमचा तिरका केला तर अन्न ओघळू नये, चमच्याला धरून राहावं.

आजीनं खिमट केलं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, दोन्ही धुवून सावलीत वाळवलं, मग वेगवेगळं भाजलं. तांदूळ फुलेपर्यंत, डाळ खमंग वास सुटेपर्यंत. मिक्सरला रवाळ दळून बरणीत भरलं. रोज दोन चमचे पाण्यात कालवून शिजवायचं, वरून चमचाभर तूप. यातलं शास्त्र कुणी पाटीवर लिहून ठेवलं नव्हतं, पण ते पक्कं आहे: तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते तांदळात.

नाचणीची गोष्ट आणखी गमतीची. धान्याची पेज दाट केली की चिकट होते, बाळाला गिळता येत नाही. पातळ केली की पोटात पाणी जातं. या पेचातून मोड आलेलं धान्य सोडवतं. मोड येताना धान्यात एक पाचकद्रव्य तयार होतं, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ दाट गरम पेजेत घातलं, की ती थोड्याच वेळात सैल होते आणि पाण्याचा थेंबही वाढत नाही. मी गॅसजवळ उभं राहून हे पाहिलं आहे. पळी उभी राहील इतकी घट्ट भाताची पेज खाली उतरवली, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घालून ढवळली आणि पाहता पाहता ती पळीवरून वाहायला लागली. पेज उकळत असताना मात्र पीठ घालू नये, ते पाचकद्रव्य मरतं. जाता जाता एक: वस्त्रगाळ सत्त्व सुरुवातीला ठीक, पण नाचणीच्या सालीतलं बरंच कॅल्शियम चोथ्याबरोबर जातं. बाळ रुळलं की न गाळलेलं पीठच द्यावं.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा आणि मध्ये एखादं लहानसं खाणं, असा साधारण क्रम. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. बाटली नको, वाटी-चमचा बरा, आणि आपले हात साबणानं धुतलेले. दात नाहीत म्हणून आठ-नऊ महिन्यांनंतरही सगळं मिक्सरमधून काढू नये. हिरड्या बऱ्याच कामाच्या असतात. बोटांनी कुस्करलेला गुरगुट्या भात पुरतो.

लोहाचं वर म्हटलं, ते इथे पुन्हा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के. ही फक्त गरिबीची गोष्ट नाही. आमच्या सोसायटीतही अशी मुलं आहेत, आणि त्यांच्या घरी दिवसाला लिटरभर दूध येतं ते त्यांच्यासाठीच. दुधात लोह जवळजवळ नसतं, वर ते भूक मारतं. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर म्हणजे भरपूर झालं. खाणाऱ्यांच्या घरी अंडं, मासे, कलेजी यांना तोड नाही. शाकाहाऱ्यांनी डाळी, मोडाची उसळ कुस्करून, पालेभाजी द्यावी आणि वर लिंबू पिळावं. त्यानं लोह अंगी लागतं. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढावी. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट बंद करावं. या एका बाबतीत मी घरात हट्टी आहे. चहा लोह शोषू देत नाही, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि तरी प्रत्येक पाहुणा प्रेमानं तेच पुढे करतो.

मीठ वर्षभर नको, साखर दोन वर्षं नको. यावर आमच्याकडे खडाजंगी झाली. "अहो, अळणी कसं घशाखाली उतरेल त्याच्या?" आजीचं म्हणणं. उतरलं. चव आपल्याला माहीत असते, त्याला अजून नसते. मध मात्र वादाचा विषयच नाही. जन्मल्यावर मध चाटवण्याची आपली चाल जुनी आहे, पण मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात आणि अंग लुळं पडू शकतं. वर्षापर्यंत थेंबभरही नको.

शेंगदाण्याचं मात्र उलटं झालं. पूर्वी परदेशात डॉक्टर सांगत, लहान मुलांना शेंगदाणा देऊ नका, वावडं होईल. मग लंडनच्या गिडियन लॅक यांच्या ध्यानात आलं, की इस्रायलमधली मुलं शेंगदाण्याचे कुरकुरे खात वाढतात आणि त्यांच्यात वावडं कमी आहे. त्यांनी धोक्यातल्या ६४० बाळांचा अभ्यास केला. २०१५ साली निष्कर्ष आला: चार ते अकरा महिन्यांत सुरू करून नियमित शेंगदाणा खाल्लेल्या मुलांत पाचव्या वर्षी वावड्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी. आपल्या स्वयंपाकघरात तर कुटाचा डबा हाताशीच असतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. नाहीतर बारीक कूट पेजेत कालवून द्यावं.

कूट द्यावं, अख्खा दाणा नाही. दिवाळीच्या दिवसांत हे मोठ्यानं सांगायला हवं, कारण चिवड्याचं ताट टीपॉयवर असतं आणि टीपॉयची उंची नेमकी रांगत्या बाळाच्या हाताची. दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, फुटाणे हे सगळं श्वासनलिकेत अडकायच्या मापाचं आहे. चार वर्षांपर्यंत नकोच. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्यावीत.

ठसका आणि अडकणं यांत फरक असतो. बाळ खोकतंय, तोंड लाल झालंय, उमासे काढतंय, तर आवाज आहे म्हणजे हवा आहे. त्याला खोकू द्यावं. आवाजच बंद झाला, ओठ निळसर व्हायला लागले, तर ते अडकणं. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्यावं, डोकं छातीपेक्षा खाली, खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. निघेपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि दुसऱ्यानं १०८ला फोन लावायचा. तोंडात न पाहता बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. वर्षावरच्या मुलाला थापांनंतर पोटावर दाब देतात. हे वाचून येत नाही, एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावं. मी सत्तरीला टेकलेला असताना बाहुलीवर शिकलो.

आता वहीकडे येतो. तेराव्या महिन्यात तिच्यातले आकडे कोसळले. सकाळी दोन चमचे, दुपारी तोंड फिरवणं, रात्री एक पोळीचा तुकडा आणि तोही खेळण्यातल्या कुत्र्याला भरवलेला. मी हादरलो. एका हातानं मोबाइलवर गाणी लावली, त्याचं तोंड उघडं राहिलं की दुसऱ्या हातानं घास. वाटी संपली. शेऱ्यात मी 'पूर्ण' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की मोबाइलशिवाय तोंड उघडेना आणि वाटी पाहिली की रडू फुटे. हा माझ्या नावावरचा तोटा.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं वजन केलं, आलेखावर ठिपका दिला आणि मला वही मागितली. पानं चाळून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही रोज ताळेबंद काढताय. आठवड्याचा काढा." आणि मग त्यांनी समजावलं. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे सहाएक किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच. वाढीचा वेग उतरला की भूक उतरणारच. आपण मात्र वाटी तीच ठेवतो.

मी आठवड्याच्या बेरजा मारल्या. जवळजवळ सारख्या आल्या. पुढे कळलं, की लिअन बर्च यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांवर हेच मोजून छापलं होतं. एकेका जेवणात चढउतार सुमारे ३४ टक्के, पण दिवसभराची बेरीज घेतली की फक्त १० टक्के. सकाळचं खर्ची पडलेलं मूल संध्याकाळी जमा करून टाकतं. त्याहून जुना प्रयोग अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस यांचा, १९३९ साली त्यांनी मांडलेला. पंधरा बाळं, चौतीस साधे पदार्थ. परिचारिकेनं काही सुचवायचं नाही, बाळानं बोट दाखवलं तरच चमचा उचलायचा. मुलं सुदृढ वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ तर बरं होईपर्यंत आपणहून माशाच्या यकृताचं तेल पीत राहिलं. पण त्या चौतीसांत साखर नव्हती, हे विसरू नये. टेबलावर काय ठेवायचं ते मोठ्यांनीच ठरवलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे वाटणी झाली. काय, केव्हा आणि कुठे बसून, ते आमचं. खायचं की नाही आणि किती, ते त्याचं. वेळेवर, सगळ्यांबरोबर, जमिनीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मान फिरवली की वाटी उचलायची, चेहरा न पाडता. दोन घासांच्या मध्ये थांबायचं. नवी भाजी नाकारली तर चार दिवसांनी पुन्हा थोडी वाढायची, बोलायचं नाही. आठ-दहा वेळा समोर आल्यावर मुलं पुष्कळदा ती घेतात. दोडक्याला आमच्याकडे नऊ वेळा लागल्या, वहीत नोंद आहे. आणि काऊ-चिऊचा घास? तो चालतो असं माझं मत. त्यात मूल आपल्या तोंडाकडे आणि घासाकडे पाहत असतं, नको म्हणायला मोकळं असतं. मोबाइलपुढे ते तिथे नसतंच.

वरण-भाताकडे परत यायला त्याला तीन आठवडे लागले. पहिले चार दिवस वाईट गेले, लेकही माझ्यावर चिडली होती. वजनाचा ठिपका मात्र त्याच रेषेवर राहिला.

या दिवाळीला तो सव्वादोन वर्षांचा होईल. दाणे-खोबरं न घालता चिवड्याचा एक घाणा वेगळा करावा, असा माझा प्रस्ताव आहे. आजीचं म्हणणं, दाण्याशिवायच्या त्या पदार्थाला चिवडा म्हणत नाहीत, त्याला परतलेले पोहे म्हणतात. टीपॉय मी कालच उचलून बाल्कनीत ठेवला.