विलापस्तोत्रे कशी वाचावीत?

बायबलमधील 150 स्तोत्रांच्या संग्रहाला मराठीत 'स्तोत्रसंहिता' म्हणतात. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'स्तुतिगीते' असा आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर आहेत. अशा स्तोत्रांना विलापस्तोत्रे म्हणतात.

नमुना म्हणून 13वे स्तोत्र घ्या. जेमतेम सहा वचने. पहिल्या दोन वचनांतच 'हे कुठवर चालणार', या अर्थाचा प्रश्न देवाला चार वेळा विचारला आहे. मग मागणे येते आणि शेवटी एकदम भरवसा व गाणे. मध्ये परिस्थिती सुधारल्याचे कुठेही सांगितलेले नाही. वाचताना इथे थांबावे. बदलली आहे ती फक्त बोलणाऱ्याची भूमिका.

सगळीच स्तोत्रे अशी वळत नाहीत. 88वे स्तोत्र अंधारातच संपते. हिब्रूतला त्याचा शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे. तरीही ते संग्रहात ठेवले गेले.

त्यामुळे मार्गदर्शन हवे असेल तर इथे आधी उपदेश शोधू नये. परीक्षेत अपयश आले, घरात कोणी गेले की शब्द सुचत नाहीत. अशा वेळी ही स्तोत्रे बोलण्याची एक रीत दाखवतात: ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याच्याशीच बोलायचे. 88व्या स्तोत्रातला माणूसही, उत्तर मिळत नसताना, देवाला रोज हाक मारतो.