झाडापर्यंत पोचलेला कायदा

२६ जानेवारी १९४९ला जपानमधल्या होर्यू-जी मंदिरात आग लागली आणि सुमारे साडेबाराशे वर्षांची भित्तिचित्रं करपली. देश हळहळला. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा आला. तहान लागल्यावर विहीर खणायची सरकारी रीत सगळीकडे सारखीच! नवल आहे ते त्या कायद्याने पुढे काय काय कवेत घेतलं याचं.

मूर्ती आणि मंदिरांच्या पंगतीत त्याने कसबालाही पाट मांडला. १९५४च्या दुरुस्तीपासून सरकार एखादी कला महत्त्वाची ठरवतं आणि ती ज्याच्या हातात मुरली आहे, त्या माणसाला रीतसर मान्यता देतं. लोक त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. वर्षाला २० लाख येन मिळतात, ते आपला हात आणखी घडवायला आणि शिष्य तयार करायला. मला तर हे सत्कारापेक्षा कामाला जुंपणंच वाटतं. माणूस गेला की त्याची मान्यताही संपते, म्हणून शिष्य हवाच.

पण उस्तादाला सामान कोण पुरवणार? १९७५मध्ये कायदा तिथेही पोचला. उरुशी या झाडाच्या चिकापासून होणारं चकचकीत रोगण घ्या. ते लावायचा ब्रश माणसाच्या लांब केसांचा असतो. तो बनवण्याचं तंत्र संरक्षित. झाडाला चिरा पाडून चीक काढण्याचं तंत्र संरक्षित. आणि त्या चिरा पाडायची हत्यारं घडवणाऱ्या लोहाराचं कसबसुद्धा! एका वाटीवरची झिलई टिकावी म्हणून सरकार लोहाराच्या भट्टीशी जाऊन उभं राहतं, हे वाचून मी थक्क झालो.

खरी गंमत झाडाची. उरुशी दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, उन्हाळ्यापासून शरदापर्यंत चीक काढायचा आणि मग तोडायचं. एका झाडाचा चीक भरतो जेमतेम २०० ग्रॅम. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीत शक्यतो देशी उरुशीचाच चीक वापरायचा, असं सरकारने ठरवलं. त्यासाठी वर्षाला साधारण २.२ टन चीक लागेल असा अंदाज आहे. हिशेब केला तर दरवर्षी अकरा हजार झाडं. आज लावलेलं रोप कामाला येईल ते दहा-पंधरा वर्षांनंतरच्या दुरुस्तीला. अंदाजपत्रक मात्र तिथेही दर वर्षीच मांडावं लागतं.