चौकट : शिंकांवरची छोटी गोळी

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मळणी सुरू झाली, की कोंड्या-तुसाची धूळ उडते आणि ज्यांना तिची ॲलर्जी त्यांची नाकं गळू लागतात. राईस मिलमधल्या कामगारांची धुळीशी गाठ तर रोजचीच.

● काम कसं करते? ॲलर्जीत शरीरातल्या पेशी हिस्टामाइन सोडतात; त्यातून शिंका, खाज, पाणी. गोळी हिस्टामाइनचा परिणाम अडवते. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही.

● शोध : डॅनिएल बोव्हे, पॅरिस, 1937. नोबेल 1957.

● जुनी पिढी : क्लोरफेनिरामाइन (सीपीएम). स्वस्त, पण मेंदूपर्यंत पोचते, म्हणून गुंगी. घेतल्यावर ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र चालवू नये, दारू तर नकोच.

● नवी पिढी : सेटिरिझिन प्रौढांना सहसा दिवसाला 10 मिलिग्रॅम, तरी काहींना झोप येतेच. फेक्सोफेनाडिनने गुंगी कमी. ती फळांच्या रसासोबत नव्हे, पाण्यासोबत घ्यावी.

● मुलं : क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर 2023चा आदेश आहे.

● धोक्याची खूण : ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर गोळीवर विसंबू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. लगेच 108ला फोन करा.

● आधी हे करा : मळणीला उभं राहताना नाका-तोंडावर मास्क, घरी आल्यावर आंघोळ.